आर्डिसबाईंचं वादळघर

आर्डिस ब्राटलीनबाईंच्या घरी न आलेल्या पोरांचं जेवण मी गेली तीस वर्षं जेवते आहे. माझ्या या देहाला जबाबदार कोण, असं डॉक्टरने विचारलं तेव्हा मी खिडकीतून त्यांच्या घराकडे बोट दाखवलं होतं. आमच्या दोघींच्या मध्ये फक्त रस्ता. त्यांचं घर म्हणजे नॉर्डबी गावाचं पूर्वेकडचं शेवटचं घर. त्यापुढे तारेचं कुंपण, सूर्यफुलांची शेतं आणि मग नुसतं आभाळ.

आमच्या नॉर्थ डकोटात शाळेतली निम्मी पोरं लांबच्या शेतांवरून बसने येतात. भर दुपारी बर्फाचं वादळ उठलं तर त्यांना घरी पाठवायचं कसं? म्हणून शाळा दर वर्षी शेतावरच्या एकेका पोराला गावातलं एकेक घर नेमून देते. वादळ आलं की त्याने तडक त्या घरी जायचं, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. त्याला वादळघर म्हणायचं. आर्डिसबाई ऑर्विलशी लग्न करून गावात आल्या त्याच वर्षी त्यांचं घर वादळघर झालं. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं नाही, ऑर्विलही गेला, पण माडीवरचे दोन छोटे पलंग तसेच राहिले. अभ्र्यांना इस्त्री, कपाटात लहान मापाचे पायजमे, पेल्यात नवा टूथब्रश. नेमून दिलेल्या पोरासाठी त्या दर हिवाळ्यात लोकरीचे मोजे विणायच्या. पोर घरी आलं की हातात द्यायचे, हा त्यांचा नियम. सगळे मोजे कपाटाच्या खणात साठत गेले, कारण एकही पोर कधी आलं नाही.

दैव दर वेळी आडवं यायचं. एका वर्षी पोराला गालगुंड झालं, एका वर्षी वादळाने नेमका रविवार गाठला, एका वर्षी एका बापाला इतका पुळका आला की तो लेकीला न्यायला ट्रॅक्टर घेऊन आला. दर वेळी आर्डिसबाई हॉटडिश करायच्या, म्हणजे खाली खिमा नि मशरूमचं दाट सूप आणि वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांच्या रांगा. आठ माणसांना पुरेल एवढी. आणि दर वेळी मी भांडं घेऊन रस्ता ओलांडायची.

पण त्यांचा खरा राग पहिल्या पोरावर होता. व्हर्लिन त्याचं नाव, आठ वर्षांचा. त्या हिवाळ्यात वादळ अगदी हवं तेव्हा आलं होतं, शाळा सुटली होती, आणि नव्या नवरी असलेल्या आर्डिसबाई कंदील घेऊन पायरीवर उभ्या होत्या. व्हर्लिन आलाच नाही. तो गेला आपल्या मावशीकडे. मावशीकडे रंगीत टीव्ही होता. ‘रंगीत टीव्ही’ हे शब्द आर्डिसबाई दारूच्या गुत्त्याचं नाव घ्यावं तशा घ्यायच्या.

हाच व्हर्लिन पुढे आमच्या शाळेचा हेडमास्तर झाला. आता बोला. आणि हेडमास्तर असा की आभाळात ढगाचा तुकडा दिसला की याने बसेस सोडल्याच. बर्फाचा पहिला कण जमिनीला टेकायच्या आत पोरं आपापल्या घरी. गाव म्हणायचं, काळजी घेणारा माणूस. आर्डिसबाई चर्चमध्ये मुद्दाम त्याच्या मागच्या बाकावर बसायच्या आणि प्रार्थना संपेपर्यंत त्याच्या मानेकडे बघत राहायच्या. ती मान कायम लाल असायची, आणि ते उन्हाने नव्हे.

गेल्या वर्षी जाहीर झालं की जूनमध्ये शाळा बंद होणार आणि पोरं मोठ्या गावातल्या शाळेत जाणार. तिथे वादळघरं वगैरे काही नाही. फोनवर सुट्टीचा निरोप येतो, झालं. म्हणजे आर्डिसबाईंचा हा शेवटचा हिवाळा. नावं खरं तर नोव्हेंबरात कळतात, पण शाळेच्या कारकुनीणबाईंना लिंबाच्या वड्यांचं ताट पोचवून त्यांनी सप्टेंबरातच नाव काढून घेतलं. ऑपडालांची ब्रिन, तिसरीतली. पिवळे मोजे सुरूही झाले. ही तरी येईल, असं त्या मला दर दोन दिवसांनी सांगायच्या, आणि मी दर दोन दिवसांनी हो म्हणायची.

ऑक्टोबरातला तो दिवस उजाडला तेव्हा गावातले पुरुष अर्ध्या बाह्यांत हिंडत होते. रेडिओ म्हणाला, किरकोळ पाऊस. आर्डिसबाईंनी चादरी धुऊन वाळत घातल्या. दुपारच्या सुमारास वारा फिरला आणि कॅनडाकडून अशी गारठ्याची लाट आली की पावसाचे थेंब खाली येईतो खडे झाले. मग बर्फ सुरू झाला, तोही आडवा. उभ्या सूर्यफुलांच्या माना पांढऱ्या झाल्या, दोरीवरच्या चादरी फळ्यांसारख्या ताठ झाल्या. इतक्या लवकर एवढी थंडी मी तरी पाहिली नव्हती. आर्डिसबाईंनी चादरींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी खिडकीत कंदील लावला आणि भट्टीत हॉटडिश सरकवली.

आणि मग बसेस निघाल्या. व्हर्लिनने सोडल्याच. माझ्या खिडकीतून मी बघत होते. पिवळ्या बसेस एकामागून एक त्यांच्या दारावरून गेल्या, शेवटच्या बसच्या काचेतून ब्रिन ऑपडालने हात हलवला, आणि पायरीवर उभ्या असलेल्या आर्डिसबाईंनी हातातला झारा हलवला.

मी भांडं घेऊन, वाऱ्याला रेटत पलीकडे गेले. त्यांनी वाढलं. एरवी मला अशा वेळी काहीतरी टोचून बोलायला सुचतं. त्या दिवशी सुचलं नाही, फार वाईट वाटलं. हिवाळा अजून अख्खा पडलाय की, असं मी म्हटलं.

‘‘हिवाळा आहे गं, लोर्ना,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण व्हर्लिनही आहे.’’

कंदील विझवू का, विचारलं, तर तेल भरलंय, जळू दे म्हणाल्या. तेवढ्यात दार वाजलं.

दारात व्हर्लिन. शेवटची बस पोचल्याचा फोन येईपर्यंत तो शाळेत थांबला होता, मग आपल्या पिकअपमधून शेतावरच्या घरी निघाला आणि आर्डिसबाईंच्या घरापुढच्या वळणावर गाडीसकट चरात गेला. हा मनुष्य दर वर्षी सगळ्या गावाला गोळा करून सांगतो की गाडीत घोंगडी ठेवा, फावडं ठेवा, मेणबत्ती ठेवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याची स्वतःची पिशवी मे महिन्यात घरी काढून ठेवलेली, ती तिथेच. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, वर टाय, भुवयांना बर्फ. मोबाइल गारठून मेलेला. मिणमिणता कंदील दिसला म्हणून कुंपण चाचपत आला होता.

आता आमच्याकडची रीत अशी की कुणी आत या म्हटलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो. कॉफीचंही तेच, जेवणाचंही तेच. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस हावरट. मरण दारात उभं राहिलं तरी आमचे लोक त्याला दोनदा नको म्हणतील.

आर्डिसबाई म्हणाल्या, आत ये. तो दातांवर दात वाजवत म्हणाला, नको, तुम्हाला कशाला त्रास, दारातूनच एक फोन करतो. त्या म्हणाल्या, ये आत. तो म्हणाला, नको, बुटांना बर्फ आहे. आता तिसरी वेळ, म्हणून मी बाजूला सरकले. पण आर्डिसबाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

‘‘पोरांना तीन-तीनदा विचारत नसतात,’’ त्या म्हणाल्या, आणि टाय धरून त्याला आत ओढलं. ‘‘उशीर केलास, व्हर्लिन.’’

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. मी हॉटडिशकडे पाहिलं.

पुढे सगळं नियमाने झालं. आधी घरी फोन. त्याची बायको डार्ला हिला त्याने स्वतः सांगायचं की मी वादळघरी पोचलो, जेवणार आहे, काळजी करू नकोस. मग ओले कपडे काढायचे. ऑर्विलचे कपडे चर्चच्या बाजारात कधीच गेलेले, त्यामुळे साठीच्या हेडमास्तरांना ट्रॅक्टरांची चित्रं असलेला पायजमा मिळाला, जो गुडघ्याशीच संपला, आणि वर आर्डिसबाईंचा गुलाबी झगा. कॉफी मागितली तर दूध मिळालं. मी हसू दाबण्यासाठी इतके बटाटे तोंडात कोंबले की जीभ भाजली.

मग त्यांनी खणाच्या तळातून लाल मोज्यांचा जोड काढला. व्हर्लिनची तीन बोटं आत गेली आणि गाडी अडली. तो तसाच बसून राहिला, मोजा अर्धा पायात.

‘‘मिसेस ब्राटलीन,’’ तो म्हणाला, ‘‘मी तेव्हा आलो होतो.’’

‘‘तू गेलास मावशीच्या रंगीत टीव्हीकडे.’’

‘‘गावभर वीज गेली होती त्या दिवशी. टीव्ही कसला?’’

आर्डिसबाईंचा हात थांबला. हे पन्नास वर्षांत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, खरं सांगायचं तर.

‘‘मी तुमच्या फाटकात होतो,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही कंदील वर करून हाक मारलीत, आत ये रे. आईने बजावलं होतं की दोनदा नको म्हण, मगच जा. मी म्हटलं, नको, कशाला त्रास. मग वाट बघत राहिलो. तुम्ही परत विचारलंच नाहीत.’’

‘‘मला वाटलं वारा आहे,’’ आर्डिसबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढुसा झाला होता.

मग व्हर्लिन मोज्याकडे बघत म्हणाला की हेडमास्तर झालो तेव्हाच ठरवलं होतं, कुठल्याही पोरावर असं परक्याच्या फाटकात उभं राहायची पाळी येऊ द्यायची नाही. म्हणून बसेस लवकर. म्हणजे बघा, एक हाक कमी पडली आणि बाईंनी व्हर्लिन हेडमास्तर झाल्यापासूनची सगळी पोरं आपल्याच हाताने घालवली. हे मी मनात म्हटलं. मलाही कधीकधी कळतं कुठे गप्प बसायचं ते.

आर्डिसबाईंनी डोळे पुसले, उठल्या, झारा घेतला.

‘‘अजून घे.’’

‘‘नको, पुरे झालं.’’

‘‘घे रे.’’

‘‘नको, खरंच.’’

‘‘घे, व्हर्लिन.’’

‘‘बरं, थोडी.’’

वादळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरलं. तोवर व्हर्लिनने भांडी पुसली, दात घासले आणि सांगितल्या वेळी छोट्या पलंगावर पाय दुमडून झोपला. मीही दुसऱ्या पलंगावर झोपले, म्हणून सांगते, हेडमास्तर घोरतात. पिकअप काढायला लोक आले तेव्हा त्याने गुलाबी झगा घडी घालून परत दिला, लाल मोजे मात्र खिशात घातले.

जूनमध्ये शाळा बंद झाली, व्हर्लिन निवृत्त झाला. ब्रिनला पिवळे मोजे निरोपसमारंभात मिळाले. नियम मोडला, पण आर्डिसबाई म्हणाल्या, नियम माझाच आहे.

परवा सकाळी रेडिओवर सांगितलं की आठवडाभरात थंडीची लाट येण्याची शक्यता आहे. दुपारी डार्लाचा मला फोन. खिळे आणायला म्हणून गेलेला व्हर्लिन परत आला नाही, दिसतोय का? मी पडदा सारला. लख्ख ऊन पडलं होतं. पिकअप समोरच उभी होती आणि व्हर्लिन आर्डिसबाईंच्या दारात मान हलवून नको म्हणत होता. त्या काहीतरी म्हणाल्या, त्याने परत मान हलवली. तिसऱ्यांदा विचारल्यावर आत गेला. बगलेतल्या पिशवीतून पायजम्याचा पाय लोंबत होता, या खेपेला त्याच्या मापाचा.

मी डार्लाला सांगितलं, वादळघरी पोचलाय. मग सवयीने भांडं घेऊन रस्ता ओलांडला. आर्डिसबाईंनी दार उघडलं, माझ्या भांड्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, काही उरलं नाही गं.