सल्ला आला की चहाचा घोट

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. सिल्वासातले थोडे शिक्षक, थोडे सरकारी बाबू आणि सायली गावच्या कारखान्यातला एखादा मोठ्या आवाजाचा माणूस दर शनिवारी टोकरखाड्याच्या एका हॉलमध्ये बसवा, शेजारच्या खोलीत दहावी-अकरावीची पोरं बसवा आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना एकत्र चहा पाजा. मग किस्से पायलीला पन्नास!

आमचं ट्रेनिंग होतं मानसिक प्रथमोपचाराचं. एखादं पोर आतून खचत चाललं असेल तर ते ओळखायचं कसं, त्याच्याशी बोलायचं कसं आणि डॉक्टर किंवा समुपदेशकापर्यंत न्यायचं कसं, हे शिकायचं. मी मूळची चिपळूणची, इथल्या शाळेत मराठी शिकवते. बोलायचं कसं ते मला कोण शिकवणार, अशा थाटात गेले होते. तो थाट पहिल्याच शनिवारी उतरला.

* * *

पहिल्या दिवशी आमच्या ट्रेनर अश्विनीताईंनी प्रत्येकाला विचारलं, "इथं का आलात?"

आम्ही सगळे "समाजासाठी", "विद्यार्थ्यांसाठी" असं छापील बोललो. मग भामरे उठले. मूळचे अमळनेरकडचे, कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून गळा असा तयार झालेला, की माइक लाजावा.

"मॅडम, माझी पोरगी पल्लवी. अकरावीला आहे. आधी घरभर बडबड करायची. आता दोन-तीन महिने झाले, घरी आली का डायरेक्ट रूममधी. जेवण अर्धं टाकते. माझ्यासंगे तर बोलतच नाही. तेवढं रिपेअर करून द्या!"

हॉल हसला. भामरे हसले नाहीत.

अश्विनीताई म्हणाल्या, "पल्लवीला शेजारच्या पोरांच्या बॅचला पाठवा, तिथंही हेच शिकवतात. आणि रिपेअरिंगला आधी तुम्हाला घेऊ."

* * *

ऐकण्याचा सराव होता. जोडीतल्या एकानं मनातलं सांगायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. सल्ला बंद. माझ्या वाट्याला भामरे!

मी सुरुवात केली, "माझी आई गावी एकटी असते, गोळ्या वेळेवर घेत नाही, मला सारखी काळजी..."

"सोप्पं आहे, मॅडम! मोबाइलमधी अलार्म लावून द्या!"

परत सुरू केलं. "एकटीला जेवावंसंही वाटत नाही म्हणते..."

"डबा लावा!"

शेवटी अश्विनीताईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. "भामरेभाऊ, ओठावर सल्ला आला की घोट घ्यायचा."

भामरेंनी कप बघता बघता संपवला. दुसरा मागवला. पण खरं सांगते, दुसरा कप संपेपर्यंत मी आईबद्दल असं काही बोलले, जे नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते. त्या माणसाचे डोळे भरून आले होते आणि तोंडात चहा होता.

* * *

सगळ्यात अवघड धडा सरळ प्रश्न विचारण्याचा. मुलाच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का, हे आडवळण न घेता विचारायचं. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट पोराला मोकळं व्हायला वाट मिळते, असं अश्विनीताईंनी समजावलं. पण जीभ वळेल तर ना!

आमचे सावंत जन्माचे सरकारी कारकून. घसा साफ करून म्हणाले, "आपल्या मनात काही टोकाचे पाऊल विचाराधीन आहे काय?"

अश्विनीताई म्हणाल्या, "सावंत, समोर पोरगं बसलंय, फाइल नाही!"

तेवढ्यात चहाला बोलवायला आलेली पोरांच्या बॅचमधली, किलवणी गावची सुनीता दारातून म्हणाली, "सर, आम्ही असं विचारतो. 'तुझ्या मनात मरायचे विचार येतात का? मला सांग, मी इथंच आहे.'"

सावंतांनी तिला चक्क हात जोडले.

* * *

ही सुनीता आमच्याच शाळेतली, भारी पोरगी. तिच्या एका मैत्रिणीनं तिला अडवून म्हटलं होतं, "एक सांगते, पण कोणाला सांगणार नाही अशी शपथ घे."

सुनीता म्हणाली, "शपथ नाय घेत. तुझ्यासंगती येते." आणि हात धरून तिला आमच्या शाळेच्या समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. मैत्रीण काही दिवस तिच्यावर रुसली. आता दोघी एकाच बाकावर बसतात. त्या वयात मला कोणी शपथ घातली असती, तर मी घेऊन मोकळी झाले असते.

* * *

एकदा अश्विनीताईंनी विचारलं, "माणसं आपण होऊन केव्हा बोलतात?"

भामरे म्हणाले, "आमच्या कारखान्यात बोलतात. शिफ्टच्या आधी सगळे गोल उभे राहतो आणि नियर मिस सांगतो. म्हणजे अपघात होता होता वाचला ते. माल घसरला, पण पायावर पडला नाही. हात मशीनमधी जाता जाता राहिला. सांगणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायच्या. त्याला ओरडायचं नाही, हा नियम. ओरडलं तर पुढच्या वेळी लपवतो, आणि मग खराच माणूस जातो."

"आणि घरी?"

भामरे खाली बसले. म्हणाले, "घरी ओरडतो."

त्या दिवसापासून त्यांनी घरी जेवताना नियर मिस सुरू केली. रोज स्वतःचीच सांगायचे. आज साहेबाला उलटं बोलता बोलता राहिलो. आज गावची आठवण येऊन रडता रडता राहिलो. बायको टाळ्या वाजवायची. पल्लवी ताटात बघत बसायची. शनिवारी आम्ही विचारायचो, "बोलली का?" ते नाही म्हणून मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचे. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं.

* * *

शेवटचा शनिवार. सर्टिफिकेटं वाटून झाली, फोटो झाले, चहाही संपला. भामरे रिकामा कप हातात धरून सावंतांशी गप्पा मारत होते. पल्लवी पोरांच्या घोळक्यातून निघून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. सुनीता दोन पावलं मागे.

"पप्पा, माले एक नियर मिस सांगनी शे," ती घरच्या अहिराणीत म्हणाली.

अश्विनीताईंनी आवाज न करता दोन खुर्च्या पुढे सरकवल्या.

पल्लवी बोलायला लागली. पहिल्याच वाक्याला भामरेंचं तोंड उघडलं.

आणि त्यांनी तो रिकामा कप ओठाला लावला.