तिकडची ओ

लोकांना वाटतं, बटण दाबलं की अक्षर स्क्रीनवर उमटतं, त्यात काय एवढं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर तसंच होतं म्हणा. पण मी ज्या मशीनवर काम करते त्या सुकापूरच्या माझ्या हॉलमध्ये नाहीत, पार सातासमुद्रापलीकडे आहेत. मी इथे एक अक्षर दाबलं की ते आधी तिकडे जातं, तिकडची मशीन ते परत पाठवते आणि मगच ते माझ्या स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत दिसतं. म्हणजे दिसतं ते मी दाबलेलं नव्हेच, तिकडे पोचल्याची ती पोच असते. लाइन धड असली की हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. इतकी वर्षं सर्व्हर सांभाळूनही मला कधी त्याचं अप्रूप वाटलं नव्हतं. तेव्हा डोळे होते ना.

डोळे गेले ते हळूहळू. पडद्याचा आजार आहे, आहे तिथे थांबवता येईल, गेलेलं परत आणता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बघायला जावं त्याच्या नेमकं मधोमध धुकं. दाराची चौकट दिसते, दारात उभं राहिलेलं माणूस दिसत नाही. गेल्या वर्षी अक्षरंही गेली. ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठ बाई भल्या. दिवाळीपर्यंत सराव कर, म्हणाल्या, मग मी फोनवर असताना एक काम एकटीने करून दाखव, जमलं तर कामाची पाळी पुन्हा तुझ्या नावावर. नाही जमलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकटी राहणारी बाई मी, त्या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही. ते गेलं असतं तर भिंती चाचपत बसायचं, एवढंच उरलं असतं.

स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलं. ते मेलं मासळीचा लिलाव चालल्यासारखं बोलायचं. मी चिडून बंद करून टाकायचे. मग गव्हाण गावाहून आई आली, न बोलावता, सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. पनवेलच्या बाजारात तिची हयात मासळी विकण्यात गेली, शाळा सातवीपर्यंतची. मला एबीसीडी येते की, म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. मी अक्षरं मोठी करून दिली. पहिले दिवस काय सांगू! अक्षरागणिक वाद. स्क्रीनवरचं छोटं बी आणि छोटं डी तिला सारखीच वाटायची, 'पोट हिकडं हाय का तिकडं' असं स्वतःशीच पुटपुटायची. मी वैतागायचे, ती म्हणायची, गिऱ्हाइकं तुझ्यापेक्षा बरी.

पण नंतर ती सुटलीच. मी बटण दाबायचा अवकाश, की तिच्या तोंडून अक्षर बाहेर. लाइन रखडलेली असली तरी तिचं वाचन रखडत नसे. मला इतका धीर आला! म्हातारी चांगलीच तयार झाली, असं मी कौतुकाने वरिष्ठ बाईंनाही सांगून टाकलं.

दसऱ्यानंतर त्यांनी रंगीत तालीम म्हणून एक काम दिलं. तिकडे बंद पडलेली एक सेवा पुन्हा चालू करायची होती. मी कमांड टाइप केली, आईने एकेक अक्षर वाचलं, एकही चूक नाही. एंटर मारला आणि फोनवर म्हटलं, झालं. पलीकडे कीबोर्डाची खटखट ऐकू आली. मग त्या जपून म्हणाल्या, इथे काहीच आलेलं नाही, तुझी लाइन मघाशीच तुटलेली दिसतेय, तू टाइप कशावर करत होतीस?

मी आईकडे वळले. स्क्रीनवर काय आहे, विचारलं. तिने खुर्ची मागे सरकवली आणि खरं काय ते सांगितलं. मग कळलं, गेले कित्येक दिवस ती स्क्रीनकडे बघतच नव्हती. माझ्या बोटांकडे बघत होती. कीबोर्डवरची अक्षरं मोठ्या एबीसीडीतली, तिच्या ओळखीची. मी अशी तडकले की बस्स. माझं वाटोळं करायला आलीस का, इथपर्यंत बोलले.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू दाबतेस आनि अक्षर येतच नाय. तवर तुझं तोंड असं व्हतं ना, जसं काय तुला कुनी सोडून गेलंय. मना नाय बघवत. म्हनून मी आधीच सांगायची."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तिचा हात धरून मी म्हटलं, "आई, मी काय दाबलं ते मला माहीत असतं गं. तिकडे काय पोचलं, तेवढंच मला कळत नाही."

तिने माझा हात थोपटला. मग बाबांच्या होडीचं काढलं. दिवेलागणीला ती खाडीच्या बांधावर उभी राहून त्यांना हाक मारायची. बाकीच्या बाया म्हणायच्या, ऐकलं असंल, चल घरी. पण होडीतून ओ आल्याबिगर ती हलायची नाही. "बांधावरच्या बाईनं ओ दिली तर काय उपेग," म्हणाली, आणि नाक ओढत हसली, "आनि बघ, मीच ती बाई झाले."

दुसऱ्या दिवशी मी तो लिलाववाला आवाज पुन्हा चालू केला. तोही आधी मी दाबलेलं अक्षर लगेच बोलून दाखवायचा, तेवढं बंद केलं. फक्त तिकडून परत येईल ते बोल. सुरुवातीला ती मधली शांतता जीव खायची. मग हळूहळू सवय झाली.

परीक्षेच्या दिवशी आई म्हणाली, मी हितंच बसनार, पन बोलनार नाय. फोनवर वरिष्ठ बाई. मी नाव टाइप केलं, रखडत रखडत एकेक अक्षर परत आलं. मग पासवर्ड. आता पासवर्डाची अक्षरं तिकडची मशीन मुद्दामच परत पाठवत नाही, शेजारच्याला दिसू नयेत म्हणून. मी दाबत होते आणि कानात काही नाही. बोट चुकलं का, लाइन तुटली का, काही कळायला मार्ग नाही. एंटर मारला. तरी काही नाही. माझं तोंड नक्की आई म्हणाली होती तसंच झालं असणार. आणि आई शेजारी असून नसल्यासारखी.

मग मशीन बोलली. आत घेतलं होतं तिने मला. पुढची कमांड मी एकेक अक्षर ऐकत, थांबत पुरी केली. फोनवरून आवाज आला, "पोचलं. सेवा चालू झाली. सोमवारपासून पाळी तुझी."

मी आईला शोधायला हात पुढे केला. हाताला तिचं तोंड लागलं, गाल ओले, आणि पदराचा बोळा तोंडात घट्ट कोंबलेला. तो तिने बाहेर काढला.

"आता बोलू काय गो?" म्हणाली.