नणंदेने तपासलेली गाभोळी

माझी नणंद जुसेलिया, आमच्या राज्याच्या पर्यावरण खात्यात मासे कापायची. हे तिचंच म्हणणं, माझं नव्हे. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेतलेली बाई ती, पण काम काय, तर राजधानीतल्या प्रयोगशाळेत बसून माशांत विष किती आहे ते मोजायचं. तिच्या आकड्यांवरून साहेब लोक ठरवायचे, कुठल्या खाडीतला मासा खायचा आणि कुठल्या कारखान्याला परवाना द्यायचा. "कोळ्याची पोर, शिकून शिकून शेवटी मासेच कापायला लागली," असं माझा नवरा ओस्नी सगळ्यांना सांगायचा. सांगताना छाती मात्र फुगलेली असायची.

आमचं गाव खाडीच्या मुखाशी. जून महिन्यात, म्हणजे आमच्या हिवाळ्यात, दक्षिणेचा गार वारा सुटला की खाडीतली बोय मासळी समुद्राकडे निघते, आणि तेव्हा गावात दुसरं काही चालत नाही. टेकडीवर टेहळ्या बसलेला असतो. मासळीचा थवा दिसला आणि त्याने सदरा काढून फिरवला की न्हावी अर्धी दाढी सोडून पळतो, पाद्रीबाबासुद्धा प्रवचन आटोपतं घेतात. ओस्नीची होडी रापण, म्हणजे लांबलचक जाळं, टाकत फिरते आणि किनाऱ्यावर सगळं गाव दोर ओढतं. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा, मग तो वाटेने जाणारा परका का असेना. त्या बोयीच्या पोटात अंड्यांची पिवळीधमक गाभोळी असते. ती लोण्यात परतायची, डोक्याचं कालवण करायचं, त्यात कसाव्याच्या कंदाचं पीठ घालून घट्ट लापशी करायची. पाठीचं मांस आम्ही खारवून ठेवतो, नाहीतर पाहुण्यांना घालतो. खरी चव पोटात आणि डोक्यात.

खाडीच्या वरच्या अंगाला ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायचा कारखाना आहे. त्याची एक नळी खाडीत सुटते. पाण्यावर कधी कधी तेलाचा तवंग दिसायचा, पण खातं दरवर्षी मासे तपासायचं आणि दरवर्षी सांगायचं, खाण्यास योग्य. आम्हीही खूश, कारखानाही खूश.

जुसेलियाची बदली त्या तपासणीवर झाली आणि पहिल्याच दिवशी तिने तपासणीचा नियम वाचला. नियम असा होता की माशाचं कातडं काढायचं, पाठीचं मांस घ्यायचं, तेवढंच तपासायचं. डोकं, काळीज, गाभोळी सगळं कचऱ्याच्या बादलीत. कुठल्यातरी श्रीमंत देशात बसून कुणीतरी तो नियम केला होता. तिथली माणसं पाठीचं मांसच खातात. आमच्याकडच्या विद्वानांनी तो जसाच्या तसा उचलला. इतकी वर्षं आमच्या राज्यात सरकार तपासत होतं ते आम्ही पाहुण्यांना घालायचो, आणि आम्ही खायचो ते सरकार फेकून देत होतं.

तिने तिच्या साहेबांना, डॉक्टर एव्हाल्डोंना गाठलं. "सर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं विष चरबीत जाऊन बसतं. गाभोळीत चरबी असते, पाठीत नसते. आमच्या गावात पाठ कोण खातो?"

"जुसेलिया, पद्धत बदलायला कारण लागतं."

"कारण बादलीत पडलंय, सर. वाकून बघा."

साहेब हसले आणि हो म्हणाले. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

गाभोळ्या हव्या होत्या म्हणून ती गावी आली. ओस्नी तयार नव्हता. "तू तपासणार, विष निघणार, आणि आमची बोय विकत कोण घेणार?"

"दादा, आकडा हातात आला की नळी बंद करावीच लागते. कायदाच आहे तसा. आकडा नाही म्हणून तर ते सुटतात."

ओस्नीचा बहिणीवर जीव. तो घरोघर हिंडला, लोकांना पटवलं, आणि दर खेपेच्या सगळ्यात मोठ्या गाभोळ्या बर्फात घालून तिच्याकडे पाठवल्या. आमच्या सासूबाई, लिंडाउराबाई, हळहळल्या. "एवढ्या सुंदर गाभोळ्या मशीनला खायला घालते ही बया!"

विष निघालं. थोडंथोडकं नाही. जुसेलियाचा अहवाल निघाला, तिला परिषदेत बोलावलं, टाळ्या मिळाल्या. मग खात्याने निर्णय घेतला. निर्णयाच्या पहिल्याच ओळीत तिच्या संशोधनाचा आधार दिला होता. खाडीत आणि मुखाशी मासेमारी बंद. खायला बंद, विकायला बंद. कारखान्याला सुधारणा करायला मुदत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आजही होतो. नळी बंद करायला कोर्टात वकील लागतात, आणि कारखान्याकडे ते रग्गड. आमची रापण बंद करायला एक पाटी आणि पोलिसांची एक बोट पुरली.

गावाने जुसेलियाला वाळीत टाकलं नाही, त्याहून वाईट केलं. तिची थट्टा केली. ती बसमधून उतरली की बेकरीपुढची माणसं ओरडायची, "सरकारी मांजर आली रे, मासे लपवा!" ती हसायची. घरी आली की न्हाणीघरात जाऊन रडायची आणि डोळे धुऊन बाहेर यायची. पदवीबिदवी सगळी तिथे वाहून जात होती.

मासेमारी बंद झाली म्हणजे काय, तर उघडपणे बंद झाली. खाणं कसं सुटणार? धुकं असलं की ओस्नी आणि घरची चार माणसं मुकाट्याने रापण ओढायची. टेकडीवर कुणी नाही, सदरा फिरवणं नाही, आरडाओरडा नाही. गावाला वाटाही नाही. ज्या किनाऱ्यावर परक्यालाही मासा मिळायचा, तिथे आम्ही शेजाऱ्याच्या नजरेला नजर देईनासे झालो. आणि विषाचं म्हणाल, तर ते ना दिसतं, ना त्याला वास. सासूबाई म्हणायच्या, "मी जन्मभर खाल्लं, मला काय धाड भरलीय?"

मग कारखान्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. नळीमुळे माणसांना धोका आहे की नाही, यावर खात्याचं शास्त्रीय मत लागतं. एव्हाल्डोसाहेबांनी ते काम जुसेलियालाच दिलं. अभ्यास तिचाच ना! तिने हिशेब मांडला आणि तिच्या लक्षात आलं. धोका मोजताना दोन गोष्टींचा गुणाकार करतात: माशात विष किती, आणि माणसं मासा खातात किती. आता खातात किती? बंदी आहे, म्हणजे शून्य. कशालाही शून्याने गुणलं की उत्तर एकच. माणसं खात नाहीत, म्हणून धोका नाही, म्हणून नळी चालू राहायला हरकत नाही. आणि माणसं का खात नाहीत? जुसेलियाच्या अभ्यासामुळे.

ती साहेबांकडे धावली. "सर, लोक अजून खातात."

"पुरावा आहे? असेल तर लिही, मी स्वतः सही करतो. परवाना अडेल." साहेब थांबले. "पण कोण पकडतं, कुठे पकडतं, तेही लिहावं लागेल. आणि मग मला ते पोलिसांना कळवावं लागेल."

ती त्याच आठवड्यात गावी आली. ओस्नी खोपटात जाळं सांधत होता, मी दोरा धरून बसले होते.

"दादा, मला लिहू दे. तू पकडतोस, आई खाते, एवढंच. नळी बंद होईल."

"मागच्या वेळीही नळीच बंद होणार होती."

"या वेळी खरंच."

"आणि होडी? होडी नेतील, जाळं नेतील, मला आत टाकतील. ही होडी बाबांनी एका झाडातून कोरली, जुसेलिया. ती तुला लिहायला हवी?" तो शांतपणे बोलत होता. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"वहिनी, तू तरी सांग," ती माझ्याकडे वळली.

"काय सांगू? तू लिहिलंस तर आम्ही उपाशी, नाही लिहिलंस तर आम्ही आजारी. तुमच्या मशीनला विचार, कुठलं आधी मारतं."

ती राजधानीला परत गेली आणि तिने शून्य लिहिलं. गणितात चूक नव्हती. परवाना मिळाला. तिने ओस्नीला फोन केला, "लिहिलं रे, तिथं कुणी खात नाही. तुझी होडी राहिली." 

पुढच्या जूनमध्ये एका रविवारी ती जेवायला आली. आम्ही सगळे होतो. माझी धाकटी जाऊ, रायाने तिचं नाव, पोटुशी होती, सातवा लागलेला. आमच्यात पहिली गाभोळी पोटुशीचीच. सासूबाईंनी लोण्यात खरपूस परतलेली भली मोठी गाभोळी तिच्या ताटात वाढली.

"आई, तिला नको!" जुसेलिया ताडकन उठली. "हे बाळात उतरतं. तिला नको, मी पाया पडते."

रायानेचा हात थांबला. ती कधी सासूबाईंकडे, कधी जुसेलियाकडे बघत होती.

"का नको?" ओस्नी म्हणाला. त्याने मानही वर केली नाही. "तूच लिहून दिलंयस ना, इथं कुणी खात नाही म्हणून."

जुसेलिया खाली बसली. तिने रायानेचं ताट स्वतःपुढे ओढलं आणि ती गाभोळी खाऊ लागली. मोठमोठे घास घेत, डोळ्यांतलं पाणी न पुसता, तिने सगळी संपवली.

सासूबाईंचा चेहरा फुलला. किती दिवसांनी लेक घरचं चवीने खात होती. "बघा, शहरात राहिली तरी जीभ आपलीच आहे पोरीची," असं म्हणत त्या चुलीकडे गेल्या आणि तव्यातली दुसरी गाभोळी आणून रायानेला वाढली.