शेवटची चार वाक्यं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ऑफिसात नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या धाकट्या बहिणीला तर नाहीच.

मी जळगावला एका दैनिकात महिलांचं पान लावते. चार वर्षांपूर्वी, लग्नसराईच्या तोंडावर, तीस दिवसांत बारीक होण्याचा तक्ता छापला. सकाळी काकडी, दुपारी अर्धी भाकरी, रात्री नुसतं सूप. त्यासाठी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंशी फोनवर बोलले होते. त्यांनी बजावलं — खाणं इतकं तोडलं तर पाळी बंद पडू शकते. शरीराला स्वतःपुरतंही मिळत नसेल तर ते गर्भाची तयारी कशाला करेल? पाळी चुकली तर हे ताबडतोब थांबवा. मी ते लिहिलं होतं. अगदी शेवटी, चार वाक्यं.

पानावर मजकूर जास्त झाला. आमच्याकडे मजकूर खालून कापतात. मी कापला. जागा नव्हती? — नवरीचा फोटो लहान करता आला असता. खरं कारण वेगळं. लग्नाच्या पानावर ‘पाळी’ हा शब्द मला बरा दिसत नव्हता. बाई असून. महिलांच्या पानावर!

अमळनेरला माझ्या बहिणीने, मनीषाने, ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तिच्या साखरपुड्यात धुळ्याची एक नणंद म्हणाली होती, ‘वहिनी, फोटोत मावशील ना?’ सगळे हसले. मीही हसले. ठेच्याबरोबर कळण्याच्या दोन भाकरी खाणारी ही मुलगी अर्धीवर आली. लग्नाआधीच पाळी थांबली. धावपळीमुळे असेल, असं तिला वाटलं. सासरी बारीक सुनेचं कौतुक झालं, म्हणून तक्ता तिथेही चालू राहिला.

दोन वर्षांनी मी धुळ्याला गेले. तिच्या सासूबाईंनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि तिच्यादेखतच म्हणाल्या, ‘बठ्ठं चांगलं शे सूननं, पन दोन वरीस झायात, पाळना रिकामाच शे.’ मनीषाचे यजमान मोबाइल बघत होते. त्यांची एकही तपासणी झालेली नव्हती — कुणी करायला सांगितली होती? मनीषाच्या मात्र गर्भनळ्या तपासून झाल्या होत्या, मंगळवारचे उपवास चालू होते. उपाशी बाईला आणखी उपवास!

मनीषा मला गच्चीवर घेऊन गेली. ‘ताई, त्या तक्त्याने तर झालं नसेल ना गं? तू डॉक्टरांशी बोलली होतीस.’

मला उत्तर माहीत होतं. शब्दन्‌शब्द.

‘छे गं,’ मी म्हणाले. ‘त्या तसं काही बोलल्या नव्हत्या.’

तिने विश्वास ठेवला. पुढचे आठ महिने ती रात्री सूपच पीत राहिली. शेवटी एका नव्या डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि विचारलं, जेवतेस काय? त्याआधी हे कुणीच विचारलं नव्हतं. आणि ज्या एकीला न विचारता कळलेलं होतं, ती मी.

ती जेवायला लागली. पाच महिन्यांनी पाळी आली. मूल अजून नाही. होईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. पाळी आली त्या सकाळी तिने पहिला फोन मला केला. रडत होती. म्हणाली, ‘ताई, त्या डॉक्टरबाईंनी तुलाही सांगितलं नव्हतं, तू काय करणार? पण या सगळ्यात तू एकटी माझ्याशी खरं बोललीस.’

मी ऐकून घेतलं.