नऊ ते बारा नंबरची रिळं

“आमच्या पिक्चरमध्ये फ्लॅशबॅक कुठून आला?”

फोनवर टॉकीजचे मालक होते. गावात त्यांना सगळे बाबूजी म्हणत. बुधवारची सकाळ होती आणि आमचं साप्ताहिक नुकतंच वाटून झालं होतं.

“बाबूजी, मी स्वतः बसून पाहिला,” मी म्हणालो. “शनिवारी, तीनचा शो.”

“मीही पाह्यला. रविवारी. आधी लग्न होते, मंग नवरा मरते. तुमी लिहिलं, आधी बाई विधवा दिसते आणि मागून तिचं लग्न दाखवते. कोणता पिक्चर पाह्यला तुमी?”

मी काहीतरी बोललो आणि फोन ठेवला.

ही ब्रह्मपुरीतली गोष्ट आहे. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. आमचं साप्ताहिक चार पानांचं होतं. बातम्या लिहिणं, प्रूफं तपासणं, शेवटच्या पानावर जागा उरली तर कविता शोधणं, ही सगळी माझी कामं. शिवाय त्याच शेवटच्या पानावर माझं एक सदर होतं, नुकत्याच पाहिलेल्या सिनेमांवर. समीक्षा म्हणावी असं त्यात काही नव्हतं. पानठेल्यावर उभं राहून माणूस जसं बोलतो तसं मी लिहायचो. “गाणी बरी, मारामारी जास्त.” “नायकापेक्षा त्याचा घोडा चांगलं काम करतो.” “इंटरव्हलनंतर गेलात तरी चालेल.” लोकांना ते आवडायचं. लोक आधी शेवटचं पान उघडतात, असं आमचे संपादक दादासाहेब कुरकुरत सांगायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

लोकांना एक गोष्ट माहीत नव्हती. बहुतेक सिनेमे मी इंटरव्हलपर्यंतच पाहायचो. उरलेली गोष्ट गेटकीपरला विचारून घ्यायचो. त्या शनिवारी मात्र मी शेवटपर्यंत बसलो होतो. म्हणूनच बाबूजींचा फोन मला जास्त झोंबला.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. सगळा गाव धानाच्या बांधीत. टॉकीजमध्ये चाळीसएक माणसं असतील, बाल्कनीत मी एकटा. इंटरव्हल झाला आणि पडद्यावर एकदम पांढऱ्या लुगड्यातली नायिका आली. कोण मेलं, कधी मेलं, काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने तीच नायिका हळद लावून बसलेली. खाली लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. मला वाटलं, हळदीच्या गाण्यावर खूश झाले. मी नुकताच नागपूरला एका फिल्म सोसायटीत दोन परदेशी सिनेमे पाहून आलो होतो. त्यांतही गोष्ट मागेपुढे होती. मी खिशातून कागद काढला आणि अंधारातच लिहिलं, “आधी वैधव्य दाखवून मग लग्न दाखवण्याचं धाडस हिंदी सिनेमात प्रथमच. हळदीच्या गाण्यात आता प्रेक्षकाला आनंद होत नाही, पोटात कालवतं.”

हे वाक्य मला अजून पाठ आहे. सिनेमाचं नाव देत नाही. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

दुपारपर्यंत गावाला कळलं होतं. चहाच्या टपरीवर एकाने जोरात विचारलं, “काऊन जी पत्रकारभाऊ, तुमच्या घरी आधी तेरवी होते का आधी लग्न?” सगळी टपरी हसली. चहावाल्याने तर आधी पिऊन झालेला रिकामा कप ठेवला, मग चहा आणला आणि म्हणाला, “घ्या, फ्लॅशबॅक.”

मी चहा न पिता परत आलो. दादासाहेबांच्या कानावर गेलंच होतं.

“पुढच्या अंकात खुलासा द्या,” ते म्हणाले. “चूक तुमची असेल तर तुमची म्हणा. त्यांची असेल तर त्यांची म्हणा. पण गोलमाल नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉकीजचे ऑपरेटर रामटेकेभाऊ छापखान्यात आले. पन्नाशीचा, सावळा, हडकुळा माणूस. वीस वर्षं त्यांनी ते मशीन चालवलं होतं. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या आणि त्यांच्या उजेडात सिनेमा पडद्यावर पडायचा. त्या उजेडाकडे नीट पाहायचं तर काळी काच लागते. रामटेकेभाऊंची काच कधीच फुटली होती आणि दुसरी कोणी आणून दिली नव्हती.

ते स्टुलावर बसले नाहीत. उभ्यानेच बोलले.

“भाऊ, तुमी बरोबर पाह्यलं. शनिवारी तीनच्या शोले रिळं मागंपुढं झाली. नऊ-दहाच्या जागी अकरा-बारा लागली. लोकायनं शिट्ट्या मारल्या तवा मले समजलं. सहाच्या फर्स्ट शोले मी सरळ लावली. कोणाले पताही नव्हता.”

“मग बाबूजींना सांगा तसं.”

“सांगितलं तं ते विचारतीन, नंबर पाह्यला नाई काय?” त्यांनी आवाज खाली आणला. “मले नंबर दिसत नाई, भाऊ. दोन्ही डोयांत मोतीबिंदू हाये.”

सोळा रिळांचा सिनेमा म्हणजे सोळा पत्र्याचे डबे. डब्यावर नंबर रंगवलेला असतो, रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवरही असतो. रामटेकेभाऊ शुक्रवारी सकाळी डबे अंगणात उन्हात न्यायचे, भिंग लावून एकेक नंबर वाचायचे आणि रांग लावायचे. पहिल्या भागाची आठ मशीनजवळ, इंटरव्हलनंतरची आठ बाकावर. मग आठवडाभर नंबर पाहायची गरज नाही. हात लांब केला की पुढचा डबा. असं त्यांचं सात-आठ महिने बिनचूक चाललं होतं.

“थंडीत डोयांचं शिबिर लागते,” ते म्हणाले. “ऑपरेशन करतो. चारच महिने काढाचे हायेत. तुमी एवढंच लिहा का तुमाले झोप लागली होती, म्हणून गोष्ट उलटीसुलटी झाली. लोकं हासतीन आठ दिवस. तुमची नोकरी नाई जात त्याच्यानं. माझी जाते.”

“पण रांग मोडली कशी?” मी विचारलं.

“तेच तं. माझ्या डब्यायले मी कोणाले हात लावू देत नाई.”

त्या क्षणी मला आठवलं. शनिवारी शोच्या आधी मी वर केबिनमध्ये गेलो होतो. सदरासाठी सिनेमाचा एखादा फोटो मिळतो का पाहायला. रामटेकेभाऊंनी चहा मागवला. बसायला जागा नव्हती. ते पाठ करून मशीन पुसत होते तेव्हा मी बाकाच्या टोकाचे चार डबे उचलून खाली ठेवले आणि बसलो. दोन एका हातात, दोन दुसऱ्या हातात. चहा झाल्यावर तसेच उचलून परत ठेवले. दोन आधी, दोन नंतर. कुठले आधी, हे पाहिलं नाही. डबा म्हणजे डबा.

मी विचारलं, “शनिवारी वर कोणी आलं होतं का?”

रामटेकेभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांना मी कितपत दिसत होतो, कोण जाणे.

“कोण येते जी वर,” ते म्हणाले.

मी म्हणालो, “बघतो. काय लिहिता येतं ते बघतो.”

ते हात जोडून गेले.

मी खुलासा तीन वेळा लिहिला. पहिल्यांदा खरं लिहिलं, डब्यांसकट. वाचून पाहिलं आणि फाडलं. समीक्षकाने स्वतःच रिळांची गडबड केली आणि मग तिलाच दिग्दर्शकाचं धाडस म्हटलं, हे छापून आलं असतं तर मला गाव सोडावं लागलं असतं, असं मला वाटलं. दुसऱ्यांदा झोप लागल्याचं लिहिलं. तेही फाडलं. झोपणाऱ्याचं सदर कोण वाचेल? तिसऱ्यांदा लिहिलं, “त्या दिवशीच्या तीनच्या खेळात ऑपरेटरच्या हलगर्जीमुळे रिळे मागेपुढे लागली होती. आमच्या प्रतिनिधीने पडद्यावर जे दिसले तेच लिहिले.”

यातला एकही शब्द कुणाला खोटा म्हणता आला नसता. दादासाहेब म्हणाले, “झालं. स्वच्छ आहे.”

अंक निघाला त्याच दिवशी बाबूजींनी रामटेकेभाऊंना ऑफिसात बोलावलं. हे मला गेटकीपरने सांगितलं. बाबूजींनी आमचा अंक त्यांच्या पुढे धरला आणि म्हणाले, “वाच, तुझ्याबद्दल काय आलं.” रामटेकेभाऊंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, खिडकीकडे वळवला. मग घडी घालून टेबलावर ठेवला. दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून नवा ऑपरेटर आला.

टपरीवरची चेष्टा थांबली. माझं सदर चालू राहिलं.

तीन वर्षांनी मी मंडईच्या बातमीसाठी एका खेड्यात गेलो होतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. दुपारी मांडव घालणं चालू होतं. शिडीवर चढून एक माणूस बल्ब लावत होता. जाड भिंगाचा चष्मा. त्याने वरूनच हाक मारली.

“पत्रकारभाऊ! केव्हा आले?”

रामटेकेभाऊ खाली उतरले. ऑपरेशन त्याच थंडीत झालं होतं, चांगलं झालं होतं. चष्मा लागल्यावर ते टॉकीजवर गेलेही होते. जागा भरली, म्हणून बाबूजींनी परत पाठवलं. आता दिवाळी ते होळी नाटकवाल्यांची लाइट, बाकीचे महिने राइस मिलमध्ये पोती शिवणं.

“तुमचं सदर वाचतो मी आता,” ते म्हणाले. “अगुदर आयकाचो, आता वाचतो. मागच्या अंकात तुमी त्या पिक्चरले नावं ठेवली ना, ते काई पटलं नाई मले. चांगला होता तो. शेवटपर्यंत बसले नसान तुमी.”

मी हसलो. बसलो नव्हतोच.

मग मी म्हणालो, “रामटेकेभाऊ, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या शनिवारी...”

“मालूम हाये,” ते म्हणाले. “वर बसाले जागा नव्हती. डबे तुमी सरकवले. आवाज आला होता मले. मले वाटलं, होते तसेच ठेवले असतीन.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत? मी विचारलं होतं तुम्हाला.”

“बोलून काय करू? नंबर मले दिसाले पायजे होता, हे तं खरंच ना.” त्यांनी खिशातून वायरचा तुकडा काढला आणि दाताने सोलू लागले. “म्हणलं, तुमाले तं मालूम हाये. तुमीच लिहान.”

शिडी पुन्हा मांडवाला लावून ते वर चढले. मी थोडा वेळ खाली शिडी धरून उभा राहिलो. धरायला त्यांनी सांगितलं नव्हतं. तेवढंच करण्यासारखं होतं.

सदर मी आणखी काही वर्षं लिहिलं. शेवटपर्यंत सिनेमा पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, असा नियम मी तेव्हापासून केला. नवीन मुलांना तो सांगतो, ते वहीत लिहून घेतात. या प्रकरणातून खरा धडा तो निघत नाही, हे मला माहीत आहे. खरा धडा वहीत लिहून घेण्याइतका मोठा नाही. ऑपरेटरच्या केबिनमध्ये बसायला जागा नसेल तर उभं राहावं.