स्टुलावरचा बेस

गेल्या शनिवारी संध्याकाळी गुडगावच्या एका कॅफेत मी स्वतःला बेस वाजवताना ऐकलं. वाजवत नव्हते. प्रेक्षकांत बसले होते, समोर लेमन सोडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... बेस म्हणजे चार जाड तारांची, खर्जातली गिटार. बहुतेकांना ती वेगळी अशी ऐकूच येत नाही. थांबली की मात्र गाणं पोकळ वाटतं.

आमचा बँड हौशी आहे. सगळे नोकरदार. मी नोएडात गाड्यांच्या सेन्सरचं टेस्टिंग करते. गिटारवाला अर्पित बँकेत आहे, ड्रमर कॉलेजात शिकवतो, आणि गाणारी गौरी शाळेत काउन्सेलर आहे. गौरी फौजी घरातली, कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेली. दिल्लीत आल्यावर जिच्याशी मी मराठीत बोलू शकले अशी पहिली मुलगी. मेट्रोत आम्ही एकच इयरफोन दोघींत लावून गाणी ऐकायचो. "थांब, आता खालचा आवाज ऐक," असं मी तिला सांगायचे आणि ती खरंच डोळे मिटून ऐकायची.

वर्षभर दर रविवारी दिल्लीत मुनिरकाच्या एका बेसमेंटमध्ये आम्ही प्रॅक्टिस केली. चौघं चार टोकांना राहणारे, त्यामुळे अर्धा वेळ गाणं आठवण्यातच जायचा. म्हणून मी प्रत्येक गाण्याचा बेस घरी नीट, टकटक ठेका देणारा मेट्रोनोम लावून रेकॉर्ड केला आणि सगळ्यांना पाठवला. घरी त्याच्यावर सराव करा, भेटल्यावर वेळ वाचेल... इतकाच हेतू.

मग कॅफेचा शो ठरला. बँडचा पहिला खरा शो. त्याच्या आधीच्या आठवड्यात अर्पितने ग्रुपवर लिहिलं की स्टेज फार छोटा आहे, या वेळी बेसशिवाय करू. नंतर गौरीचा फोन आला. "अगं, तू बिल्कुल वाईट नको वाटून घेऊस यार. साधंच आहे, अनप्लग्ड टाइप. नेक्स्ट टाइम तू आहेसच ना."

वाईट वाटलं. तरी ठरवलं की जायचं. पहिला शो आहे, टाळ्या वाजवायला तरी कुणी ओळखीचं हवं. कुणाला न सांगता गेले आणि मागच्या टेबलावर बसले.

स्टेज खरंच छोटा होता. पण ड्रम्सच्या डावीकडे, जिथे मी उभी राहते तिथे, एक स्टूल होतं. स्टुलावर अर्पितचा लॅपटॉप.

पहिलं गाणं सुरू झालं आणि बेस आला. ओळखायला मला एक सेकंदही लागला नाही. आपलं बोट तारेवरून कसं सरकतं हे आपल्याला माहीत असतं... माझंच रेकॉर्डिंग होतं. मला जागा नव्हती, लॅपटॉपला होती.

दोन गाणी व्यवस्थित झाली. तिसऱ्यात गौरी घाबरली.

ती घाबरली की मधलं म्युझिक संपायच्या आधीच अंतरा सुरू करते. हे प्रॅक्टिसमध्ये इतक्यांदा झालंय की आम्ही त्यावर बोलतही नाही. श्वास घेताना तिचा खांदा उचलला जातो. तो दिसला की मी उरलेलं सोडून थेट अंतऱ्यावर उडी मारते, बाकीचे माझ्यामागे येतात, आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

शनिवारी तिचा खांदा उचलला गेला. मला मागच्या टेबलावरून दिसला. माझी बोटं सोड्याच्या ग्लासवर पुढच्या सुराकडे गेलीसुद्धा. अर्पित आणि ड्रमर कसेबसे तिच्याबरोबर गेले. लॅपटॉप गेला नाही. तो मधलंच म्युझिक वाजवत राहिला... स्वच्छ, लयीत, आणि पूर्णपणे चुकीचं. गौरी अडखळली, मग थांबली.

अर्पित माइकवर हसला. "सॉरी गाइज, बेस ने धोखा दे दिया।"

लोकही हसले. मग बँडने गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

शो संपल्यावर गौरीला मी दिसले. थोडी दचकली, मग येऊन बसली. "तू आलीस? सांगायचं ना यार!" मग ती म्हणाली, "अगं, तो तिसऱ्या गाण्याचा ट्रॅक कुठेतरी चुकलाय. परत रेकॉर्ड करून देशील? कॅफेवाल्यांनी परत बोलावलंय आम्हाला."

"ट्रॅक बरोबर आहे. तू लवकर आलीस."

"हो, पण ते तर नेहमीच होतं ना. तू सांभाळतेस."

"मी सांभाळते," मी म्हटलं.

तिला कळलं की नाही, माहीत नाही. तेवढ्यात अर्पितने फोटोसाठी हाक मारली आणि ती "चलो, येते हं" म्हणून गेली. ग्रुप मी तिथेच बसल्या बसल्या सोडला. नवा ट्रॅक मी करणार नाही.

निघताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी थांबवलं. पन्नाशीच्या असतील, एकट्याच आल्या होत्या. "सुनो बेटा, तुम इनको जानती हो क्या? बेस कौन बजा रहा था? मैं कब से ढूँढ रही हूँ, दिखा ही नहीं।"

"वो आज आई नहीं, आंटी."

"अच्छा, लड़की है?" त्या पुन्हा एकदा रिकाम्या स्टेजकडे बघत म्हणाल्या.

त्यांचं नाव विचारायला हवं होतं. पण मी तशीच बाहेर पडले. स्टेजवर कुणीतरी कमी आहे हे त्यांना दिसलं... आभार त्यांचेच.