मामांना मी काय सांगितलं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. ज्या एका माणसाला ते माहीत होतं तो माणूस आता नाही — आणि तो गेला तेव्हा रडता रडता मला थोडं हलकंही वाटलं होतं. ते का, हे पुढे कळेलच. पण आधी जाणून ठेवा, की तुमच्याशी बोलणारी बाई अशी आहे.

मी डॉक्टर आहे. हिंगणघाटला एका खाजगी दवाखान्यात बसते. माहेर सिंदी रेल्वेचं. बाबांचं तिथं कापडाचं दुकान आहे. बारावीनंतरच्या परीक्षेत मला इथं सरकारी कॉलेज मिळण्याइतके मार्क पडले नाहीत, म्हणून बाबांनी मला परदेशात पाठवलं. कुठला देश, कुठलं कॉलेज ते लिहीत नाही, दोष त्यांचा नाही. बर्फ पडायचा, लोक रशियन बोलायचे आणि तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास पुढे होतं. अर्ध्या तासाच्या अंतरावर माणूस किती एकटा पडू शकतो, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

मला काय शिकायचं होतं? मला कोणी विचारलं नाही असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. तेही खोटं आहे. बाबांनी विचारलं होतं. दुकान बंद करून घरी आले, जेवायला बसले आणि म्हणाले, तुले दुसरं काही करायचं असंन तं आत्ताच सांग. मला कशाचीच ओढ नव्हती. मी म्हटलं, डॉक्टरच होते.

मयूरीचं तसं नव्हतं. मयूरी माझी मामेबहीण, अल्लीपूरची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिला शेतीचं वेड होतं. उन्हाळ्यात मी मामांकडे जायची तेव्हा घरात झोपून राहायची, आणि ही सकाळी चप्पल न घालता बापामागं वावरात. कोणत्या तुरीवर कोणती अळी येते हे ती दहावीतच सांगायची, पानं वहीत चिकटवून ठेवायची. मामा हसायचे. हसायचे, पण आत सुखावायचेही. तिला कृषीच्या पदवीला जायचं होतं आणि बारावीनंतर यादीत नावही लागलं. तिला हवं तेच कॉलेज, पहिल्याच यादीत.

त्याच सुमारास मामांच्या डोक्यात आलं, की मयूरीलाही माझ्यासारखं डॉक्टर करावं. माझं दुसरं वर्ष संपत आलं होतं. मी घरी काय सांगायची? सगळं छान. बर्फातले फोटो पाठवायची, पांढऱ्या कोटातले पाठवायची. आईनं ते सगळ्या नातेवाइकांना दाखवले होते. खरं असं होतं, की शिकवणाऱ्यांचं इंग्रजी मला अर्धंच कळायचं, पेशंट काय म्हणतो ते तर अजिबातच नाही, एका विषयात मी दोनदा नापास झाले होते आणि माझी खोलीतली मैत्रीण कोर्स सोडून निघून गेली होती. यातलं एक अक्षरही मी घरी कळू दिलं नव्हतं.

मयूरीनं मला आधी फोन केला. आवाज दबका होता. म्हणाली, "ताई, बाबा आज तुले फोन करतीन. इथं कोणाचंच ऐकून नाही राह्यले, पण तुह्यं ऐकतीन. तू फक्त नोको म्हण. मले कृषीलेच जायचं आहे."

मी हो म्हटलं. "तू काळजी नको करू," असंही म्हटलं. त्या क्षणी मला खरंच तसंच करायचं होतं — की हेही मी आता स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहिते आहे? नक्की सांगता येत नाही.

दुपारी मामांचा व्हिडिओ कॉल आला. मी होस्टेलच्या स्वयंपाकघरात बटाटे चिरत होते. पोरीच्या कानावर पडू नये म्हणून मामा मुद्दाम वावरात जाऊन बोलत होते. त्यांच्या मागे कपाशी दिसत होती, वाऱ्यानं आवाज तुटत होता. ते म्हणाले, "खरं सांगजो बेटा. मले तिथलं काईच समजत नाही. तो पोरं पाठवणारा एजंट तं चांगलंच सांगणार. तू सांग, पाठवू का नोको? तू नोको म्हटलं तं आजच विषय बंद करतो आन् तिले कृषीले टाकतो."

एवढं सरळ विचारलं होतं. मला वाद घालायचा नव्हता, कोणाला समजवायचं नव्हतं. एक शब्द म्हणायचा होता.

मी म्हटलं, "पाठवा मामा. मी आहो ना इथं."

का म्हटलं? या प्रश्नाभोवती मी नऊ वर्षं फिरते आहे. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होते, की मी एकटी होते, मला आपलं माणूस हवं होतं. मयूरी आली की रात्री मराठीत बोलता येईल, भाजीला फोडणी देणारं कोणी असेल. हे खोटं नाही. मग हेही होतं, की नको म्हटलं असतं तर मामांनी "काऊन" विचारलं असतं, आणि मग माझे फोटो, माझं सगळं छान — काय उत्तर दिलं असतं मी? हेही खोटं नाही.

पण ही दोन्ही कारणं सांगता येण्यासारखी आहेत. ऐकणारा मान हलवील, म्हणेल, वय लहान होतं गं तुझं.

जे सांगता येत नाही ते असं, की तिचं नाव यादीत लागल्याचं आईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी पुढचं न ऐकताच फोन ठेवून दिला. तिला हवं होतं आणि तिला मिळालं. हे इतकं साधं असू शकतं? मला कशाचीच ओढ नव्हती म्हणून मी या बर्फात येऊन पडले, आणि ही अनवाणी पोरगी मजेत आपल्या वाटेनं जाणार? मामांनी विचारलं तेव्हा मला एक क्षण — एकच क्षण — वाटलं, येऊ दे हिलाही. कळू दे. आणि त्या क्षणात मी बोलले.

संध्याकाळी मयूरीचा फोन आला. मी तिला म्हटलं, "खूप सांगितलं गं. मामा ऐकायलाच तयार नाहीत."

ती म्हणाली, "जाऊ दे ताई. तुनं तं तुह्याकडून केलं ना."

ती आली. विमानतळावर मी तिला घ्यायला गेले. मामींनी माझ्यासाठी दिलेली जवसाची चटणी तिनं पिशवीतून काढून आधी माझ्या हातात दिली, मग गळ्यात पडली. खोलीच्या खिडकीत तिनं दह्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये मेथी पेरली. बाहेर बर्फ आणि आत दोन बोटं मेथी. मजल्यावरच्या मुली बघायला यायच्या. ते पहिले काही महिने, कबूल करते, माझे तिथले सगळ्यात चांगले महिने होते. मी अभ्यास करू लागले, राहिलेला विषय सुटला. तिच्या हातचं जेवून माझं वजन वाढलं.

तिचं मात्र उतरत गेलं. हाडांची नावं ती पाठ करायची, परीक्षेत लिहायचीही. पण प्रेतावर शिकवतात त्या खोलीत तिला उभं राहवत नसे. दोनदा चक्कर येऊन पडली. मी म्हणायची, सवय होईल. पुढे माझं हॉस्पिटलमधलं काम सुरू झालं तशी मी हॉस्पिटलजवळ राहायला गेले. तिच्याकडे आठवड्यातून एकदा जायची, मग दोन आठवड्यांतून एकदा. ती वर्गात जात नाही, हे मला तिच्या वर्गातल्या मुलीकडून कळलं. मी घरी सांगितलं नाही. कळल्यापासून दोन महिने सांगितलं नाही. खिडकीतले डबे तोवर नुसत्या मातीचे झाले होते. शेवटी तिनं जेवण सोडलं तेव्हा होस्टेलच्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि मग मी मामांना फोन केला. दीड वर्षानं ती परत गेली. एकटीच गेली. मी म्हटलं माझी परीक्षा आहे. परीक्षा होती — पण दहा दिवसांनी.

अल्लीपूरला ती वर्षभर घराबाहेर पडली नाही. पुन्हा कृषीला जाण्याचा विषय कोणी काढला तर उठून आत जायची. आणि बापाशी बोलणं तिनं बंद केलं. पूर्ण बंद. त्यांच्यासमोर ताट ठेवायची आणि वळून जायची. काही निरोप असला तर मामींच्या तोंडून. तिच्या लेखी साधी गोष्ट होती. ती नको म्हणत होती, ताई नको म्हणत होती, बापानं दोघींना बाजूला सारून तिला पाठवलं.

मामांनी एकदा तोंड उघडलं असतं तर सगळं फिरलं असतं. म्हणाले असते, अगं, तुझ्या ताईनंच पाठवा म्हटलं. मी त्याची रोज वाट बघत होते. घरून फोन आला की मी आधी खोलीचं दार लावून घ्यायची.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर आले तेव्हा मामा सिंदीला दुकानात आले. बाबा माल बघायला आत गेले होते. मामा गादीच्या कडेला बसले, चहा बशीत ओतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिले ते फोनचं काई सांगू नोको. तुह्यावर लय जीव आहे तिचा. तुमच्यात वाईटपण नोको. माह्यावर राग धरन तं धरन. बाप कुठं जाते?"

म्हणजे पोरगी मामींशी जे बोलायची त्यावरून त्यांनी सगळं ताडलं होतं. मी दोन्हीकडे वेगवेगळं बोलले, हे त्यांना कळलं होतं. आणि त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, काऊन असं केलं. मी काय केलं? मान हलवली. चहाची कपबशी उचलून आत नेऊन ठेवली.

पुढची पाच वर्षं ते त्या घरात मुलीच्या गप्पपणात जेवले. मी शिक्षण संपवून आले, बाहेरून शिकून आलेल्यांना इथं द्यावी लागते ती परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली, तेव्हा मामा पेढे घेऊन आले. सगळ्यांसमोर म्हणाले, आमच्या खानदानातली पहिली डॉक्टर. मयूरी माझ्या शेजारी बसली होती. मी दोघांच्याही पाया पडायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. सकाळी आंघोळीला पाणी काढलं आणि तिथंच बसले. मला फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होते. मी गेले तोवर काही उरलं नव्हतं. तेरवीच्या दिवशी मयूरी आणि मी मागच्या खोलीत तांदूळ निवडत होतो. ती खाली मान घालूनच बोलली, "आखरीपर्यंत मी बोलली नाई ताई त्यायच्याशी. दवाखान्यात न्यायला तरी वेळ भेटायला पायजे होता." मग म्हणाली, "तवा घरात माह्या बाजूनं एक तूच होती."

परात आमच्या दोघींच्या मध्ये होती. मी तांदळातले खडे वेचत राहिले.

मयूरी आता गावातल्या कृषी सेवा केंद्रात काउंटरवर असते. लोक पान तोडून घेऊन येतात, ती बघून औषध सांगते. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी मालकाला न विचारता तिलाच विचारतात. भिंतीवरचा परवाना दुसऱ्याच्या नावाचा आहे, कारण त्याला पदवी लागते. तिच्या तोंडून मी याबद्दल कधी तक्रार ऐकली नाही.

मागच्या महिन्यात दुपारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "ताई, एक इचारू? बाबा त्या दिवशी फोनवर तुले नेमकं काय म्हणले होते? म्हणजे कसं म्हणले? जिद्दीनंच म्हणले, का थोडं तरी मागंपुढं करत होते? आठवते का तुले?"

ती मला दोष देत नव्हती. तिला तिचा बाप परत हवा होता. मी काय सांगते त्यावरून ती त्यांना थोडं माफ करू बघत होती, आणि ते सांगू शकेल अशी या जगात मी एकटीच उरले होते. मला त्यांचं वाक्य शब्दाला शब्द पाठ आहे. तू नोको म्हटलं तं आजच विषय बंद करतो. वारा कसा येत होता तेही आठवतं. एवढं एक वाक्य मी तिला दिलं असतं तर तिच्या बापाची सगळी वर्षं तिला मिळाली असती.

मी म्हटलं, "नाही गं. किती वर्षं झाली. आता नाही आठवत."

"बरं," ती म्हणाली. "ठेवते मंग. पेशंट असतीन तुह्ये."

बाहेरच्या बाकावर एकही पेशंट नव्हता.